तुकाबाईची राखण

येडगावच्या धरणाचं पाणी उसाच्या मुळाशी येऊन जिथं थांबतं, तिथल्या एका वाडीत तुकाबाई राहते. वय सत्तरीला टेकलेलं. माहेर आणि सासर, दोन्हीकडची माणसं मेंढरांमागं फिरलेली. सासरच्यांनी पुढं मेंढरं विकली आणि कांदा-ऊस धरला. तिच्या पाठच्या भावानं, गेणूनं, मेंढरं सोडली नाहीत. दोघांची घरं एकाच शिवारात, मधे उसातून जाणारी अर्ध्या मैलाची गाडीवाट.

तीन वर्षांपूर्वी गेणूची मेंढरं दादाभाऊच्या कांद्यात शिरली. दादाभाऊ म्हणजे तुकाबाईचा एकुलता मुलगा. शब्दाला शब्द लागला, मामानं भाच्यावर काठी उगारली, आणि त्या दिवसापासून दादाभाऊनं मामाचं नाव टाकलं. आईलाही बजावलं, तिकडं पाऊल टाकायचं नाही.

मागच्या वर्षी गेणूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बायको आधीच वारलेली, मुलगा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. मग तुकाबाई तांबडं फुटायच्या आधी उठून जायला लागली. भावाची चूल पेटवायची, त्याला चहा पाजायचा, हाताला तेल चोळायचं आणि उजाडता उजाडता घरी यायचं. सून मंगलला हे माहीत होतं. ती कडी न लावता दार नुसतं लोटून ठेवायची, आणि सासू परत आली की काही न विचारता तिच्यापुढं चहा ठेवायची.

पौषात शेजारच्या गावात खुरपायला वाकलेल्या बाईवर बिबट्यानं झडप घातली. ती वाचली नाही. तुकाबाईच्या वाडीतूनही दोन कालवडी गेल्या होत्या. सरपंच वैजयंतीताई वनखात्यात चार खेटे घालून आल्या आणि गाडीवाटेच्या तोंडाशी खांबावर कॅमेरा बसला. पुढं काही हललं की तो फोटो काढायचा आणि थेट मोबाइलवर पाठवायचा. वैजयंतीताईंनी चांगल्या मनानं सगळ्या वाडीचा ग्रुप केला. बिबट्या आला तर एकाच वेळी घराघरांत कळावं, एवढाच त्यांचा हेतू.

बिबट्या पहिल्या पंधरवड्यात दोनदा दिसला. माणसं रोज दिसली. कोण कुणाच्या बांधावरून गेलं, कुणाच्या पिशवीत बाटली होती, कुणाची सून एकटीच फोनवर बोलत उभी होती, सगळं सकाळच्या चहाबरोबर घराघरांत पोचायला लागलं. एका पहाटेचा फोटो आला, डोक्यावरून पदर, हातात काठी, खाली वाकून चाललेली एक म्हातारी. त्याखाली कुणीतरी लिहिलं, “बिबट्या न्हाई, तुकाबाई हाय. निघाली भावाकडं.” त्याखाली हसणारी तोंडं.

दादाभाऊनं फोन आईसमोर धरला. ती चुलीपाशी बसली होती.

“किती दिस चाललंय ह्ये?”

“तो पडल्यापासनं.”

“मला गावानं दाखवलं,” तो म्हणाला. “तू न्हाई सांगितलंस. आता परत जायचं असंल तर कापडं घिऊन जा.”

तुकाबाईचं जाणं थांबलं. शेजारची झुंबरबाई दुपारी गेणूला भाकरी पोचवून यायची आणि सांगायची, म्हातारा भिंतीला टेकून दाराकडं बघत बसतो, चहा पुढं ठेवला तर अक्का आल्यावर घेईन म्हणतो.

आठ दिवसांनी ग्रामसभा भरली. ग्रुप ठेवायचा की काढायचा, हाच विषय. बाया कधी नव्हे त्या मोठ्या संख्येनं आल्या. वनखात्याचा एक रक्षकही आला होता. वैजयंतीताईंनी उभं राहून मेलेल्या बाईची आठवण दिली. तिच्या वाटेवर असा डोळा असता तर ती आज घरी असती, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. मग कुशाबा उठला. कुशाबा बैलांचा जुना व्यापारी, बोलणं ठसक्याचं. ज्याच्या मनात पाप नाही त्यानं फोटोला भ्यायचं कशाला, असं त्यानं विचारलं, आणि पुरुषांनी माना हलवल्या.

तुकाबाई मागं बसली होती. बसल्या जागेवरूनच बोलली.

“कुशाबा, बेल्ह्याच्या बाजारात तुमी सौदा करता तवा भाव चारचौघांत फुटू नये म्हणून हातावर रुमाल टाकून बोटं धरता. रुमालाखाली काय चोरी असती व्हय?”

सभा हसली. कुशाबाही हसला, पण खाली बसला.

“क्यामेरा काढा म्हणत न्हाई मी,” तुकाबाई पुढं म्हणाली. “माझीबी कालवड गेलीय. पण ऐका. माझा बाप मेंढरांच्या वाड्यावर रातच्या राखणीला बसायचा. मेंढरांभवती समदी माणसं निजलेली. कोण उठलं, कोण कुठं गेलं, त्याला दिसायचंच. लांडगा आला तर हाक मारायचा. माणूस गेला तर मान खाली. सकाळी कुणी इचारलं तर म्हणायचा, मेंढरं निवांत व्हती. राखणदाराचं काम तेवढंच. तुमचा राखणदार समद्यांच्या नावानं बोंब मारतोय. आन त्याच्या भ्यानं बाया वाट सोडून उसातनं जायला लागल्यात. जिथं जनावर, तिथनं. ही राखण झाली व्हय?”

उसातून जाण्याची गोष्ट पुरुषांना माहीत नव्हती. वैजयंतीताईंनी बायांकडं पाहिलं. चार-पाच जणींनी नजर खाली घातली. मग वैजयंतीताईंनी ठराव मांडला, फोटो एकाच माणसाच्या फोनवर यावेत, त्यानं बिबट्याचं तेवढं कळवावं आणि बाकीचं पुसून टाकावं.

आता तो माणूस कोण, यावर सभा अडली. एक नाव निघालं की दहा जण हसायचे. वाडीत पोटात गोष्ट ठेवणारं माणूस सापडेना. शेवटी वैजयंतीताईच म्हणाल्या, तुकाबाई.

“तिला वाचता कुठं येतंय?” कुशाबा म्हणाला.

“फोटोत वाचायचं काय असतंय, भाऊ?” वैजयंतीताईंनी विचारलं.

तुकाबाईनं रक्षकाला विचारलं, तुमच्या हापिसातबी फोटो जात्यात, तिथं कोण बघतं? मशीन बघतं, मावशी, तो म्हणाला.

“मशीनला इसरायला कोण सांगतं?”

रक्षकानं प्रश्न डायरीत लिहून घेतला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पंचायतीचा मोबाइल तुकाबाईच्या ताब्यात आला. पुसायचं कसं, ते मंगलनं शिकवलं. तिला वाटलं होतं, सोपं काम आहे. पण आता आख्खी वाडी तिच्या ओच्यात येऊन पडायला लागली. ज्याला काल रामराम केला तो आज कुठं गेला, हे तिला कळायचं. कळलेलं घेऊन माणसांसमोर उभं राहायचं आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. बापाचे डोळे म्हातारपणी सदा मिटलेले असायचे, ते का, हे तिला आता उमगायला लागलं. बिबट्या एकदा आला. तिनं बोंब ठोकली, सगळी वाडी सावध झाली. बाकी तिनं कुणाचं नाव काढलं नाही. बाया पुन्हा वाटेनं जायला लागल्या. ती स्वतः मात्र गेली नाही. मुलाचा शब्द आडवा होता.

माघातल्या एका सकाळी फोन वाजला. तिनं फोटो उघडला. कानटोपी, खांदे वर ओढलेले, डावा पाय जरा बाहेर टाकत चाललेला गडी. ती चाल तिनं अंगणात पहिल्या पावलापासून पाहिलेली होती. वाट गेणूच्या घराची. तासाभरानं दुसरा फोटो आला, परत येतानाचा. तुकाबाईनं दोन्ही फोटो पुसले आणि भाकरी थापायला बसली.

दादाभाऊ जेवायला बसला. काही न विचारताच बोलला, “मोटार चालू करायला गेलतो.”

गेणू कसा हाय, एवढंच तिला विचारायचं होतं.

“पाणी आलं का?” तिनं विचारलं.

“आलं.” तो ताटात बघत जेवत राहिला. भाकरी संपत आली तेव्हा म्हणाला, “उद्यापासनं सकाळची मोटार तू चालू करत जा. मला जमायचं न्हाई रोज.”

तुकाबाईनं उभ्या जन्मात मोटारीच्या पेटीला हात लावला नव्हता.

“जाईन,” ती म्हणाली.