व्हर्लिन हाव्डीनं निवडलेला पॉवर सप्लाय

आमच्या गावात कुठल्याही भिंतीवरची वायर व्हर्लिन हाव्डीनं टाकलीय की दुसऱ्या कुणी, हे नुसता हात फिरवून सांगता येतं. हेडलुंडच्या गोठ्याचं छप्पर एकदा वादळानं उचललं आणि रेल्वेरुळापलीकडे नेऊन आपटलं. सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. एक भिंत तेवढी उभी होती, आणि तिच्यावर व्हर्लिनची वायर जशीच्या तशी, वीतवीतभरावर मेणदोऱ्याची गाठ. हेडलुंडचे डोळे भरले होते, तरी त्याला हसू फुटलं. म्हणाला, छप्परही व्हर्लिनकडूनच बांधून घ्यायला हवं होतं.

मेणदोऱ्याची ही कला त्यानं लष्करात उचलली, रेडिओच्या गाडीवर असताना. परत आला आणि पोस्टाशेजारी दुकान टाकलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. लोकांची यंत्रं बदलत गेली, याची गाठ तीच राहिली. चर्चचा लाउडस्पीकर दुरुस्त करायला घेतला तर आवाज तासाभरात आला, पण वायर बांधून होईपर्यंत दुसरा रविवार उजाडला. पाद्रीबाई बिचाऱ्या ओरडून प्रवचन करत होत्या आणि हा मागे पाठ करून गाठी मारत होता. लग्न केलं नाही. का, तर त्याची बहीण आर्डिस सांगायची, "ह्याच्या मनासारखी टॉवेलाची घडी घालणारी बाई अजून जन्मायचीय."

आर्डिसचा नवरा लॉइड ब्रेकी म्हणजे ह्याच्या अगदी उलट. शेतांवर विमानातून औषध फवारायचा. विमानात चिखलाचे बूट, खिशात अर्धी खाल्लेली वडी, तोंडात कायम काहीतरी चावट. पण एकदा विमान खाली आणलं की सुईत दोरा ओवावा तसा विजेच्या तारांखालून काढायचा. अख्ख्या काउंटीतली एकेक तार त्याला पाठ होती. ती पाठ नसलेले दोन वैमानिक आम्ही पुरलेत.

मग लॉइडची फुफ्फुसं गेली. नाकात नळी आली, विमान विकलं, आणि हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसला. व्हर्लिननं त्याला कॉम्प्युटर बांधून दिला. त्यात विमान उडवायचा खेळ, पुढे तीन पडदे, हातात दांडा, पायाखाली पेडल. लॉइडनं पहिल्याच दिवशी आमच्या गावावर विमान आणलं, तर गाव नाहीच. नुसती हिरवी सतरंजी.

"मेहुणे," लॉइड म्हणाला, "तुमच्या ह्या डब्यानं आमचं गाव गिळलं की हो."

तेव्हापासून तीन हिवाळे लॉइडनं ते गाव त्या डब्यात स्वतःच्या हातानं वसवलं. प्रत्येक रस्ता, वाऱ्याला आड म्हणून लावलेली झाडांची ओळ, धान्याचं उंच कोठार, दोन्ही चर्चं, आणि विजेचा प्रत्येक खांब. आम्हा सगळ्यांना त्यानं कामाला लावलं. मी गाडी घेऊन हिंडायचो आणि फोटो काढून आणायचो. एखादा खांब राहिला की परत पिटाळायचा. माझा जुना ट्रॅक्टर वर्षानुवर्षं ओढ्यात कलंडलेला आहे. तोही त्यानं तिथंच ठेवला, तसाच कलंडलेला, आणि आल्यागेल्याला त्यावरून चक्कर मारून दाखवायचा. आर्डिसची कपडे वाळत घालायची दोरी होती, दोरीवर चादरी होत्या.

पण गाव भरत गेलं तसं चित्र अडखळायला लागलं. सोरमच्या शेतावर विमान हवेत थबकायचं आणि एकदम पुढे उडी मारायचं. व्हर्लिन म्हणाला, एवढं सगळं तीन पडद्यांवर रंगवायचं तर एक ग्राफिक्स कार्ड पुरणार नाही, दोन लागतील.

त्याच महिन्यात फार्गो शहरातल्या डॉक्टरांनी आर्डिसला बाजूला घेऊन सांगितलं की आता लॉइडला घरी सांभाळणं होणार नाही. बर्फ वितळेपर्यंत कसंबसं जाईल, मग इस्पितळात आणा, आणि परत न्यायची आशा धरू नका. तिनं हे लॉइडपासून लपवलं नाही. लपवण्यासारखा तो नवराही नव्हता. त्यानं फक्त एक मागितलं. जायच्या आधी एकदा आपल्या धावपट्टीवरून उठायचं आणि सगळ्या शेतांवरून, सगळ्या तारांखालून, न अडखळता एक फेरी मारायची.

दोन भारी कार्डं आली. व्हर्लिननं बसवली. लॉइड उडाला, चित्र लोण्यासारखं सरकलं, आणि गावावर खाली उतरताच तिन्ही पडदे काळे. सगळं बंद. दोन कार्डं एकदम जोर लावून ओढायला लागली की जुना पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, दम सोडत होता.

मग नवा कुठला घ्यायचा यावर कॅफेत जी चर्चा झाली, तशी आमच्याकडे निवडणुकीचीही होत नाही. ज्यांना कॉम्प्युटर सुरू करता येत नव्हता त्यांनीही मत दिलं. स्वस्तातल्या एका डब्यावर ठळक बाराशे वॉट लिहिलं होतं, आणि व्हर्लिनला हवा होता तो हजार वॉटचा, शिवाय महाग. हेडलुंड म्हणाला, जास्तीचा स्वस्तात मिळतोय आणि हा कमीचा महाग घेतोय, म्हणून तर ह्याचं दुकान चालत नाही. व्हर्लिन रागावला नाही. त्यानं समजावून सांगितलं की ते बाराशे क्षणभराचे असतात, घोडा एकदा उडी मारतो तसे. आपल्याला तासभर गाडा ओढणारा पाहिजे. एकेक कार्ड तीनशेच्या आसपास खाणार, बाकी यंत्र दोनशे, वर थोडा श्वास घ्यायला जागा. आणि ती ताकद बारा व्होल्टच्या वाटेवर हवी, कारण कार्डं तिथूनच पितात. शिवाय दोन्ही कार्डांना पुरतील एवढे जाड प्लग हवेत.

त्याची निवड चुकली नव्हती. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

नवा सप्लाय आला तो विटेसारखा जड. व्हर्लिननं तो दुकानात टेबलावर ठेवून, त्याच्याच केबली लावून, मीटरनं प्रत्येक टोक तपासलं. सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी आम्ही लॉइडकडे गेलो. आर्डिसनं कॉफी ठेवली होती. लॉइडनं उडताना घालायची टोपी घातली होती, नळीच्या वरून.

व्हर्लिननं जुना सप्लाय काढला. त्याच्याही केबली सुट्या होत्या, मागे प्लगनं लागणाऱ्या. पेटीच्या पाठीमागून, लॉइडचं गाव साठवलेल्या डिस्कपर्यंत गेलेल्या त्या केबली त्यानं तीन वर्षांपूर्वी बांधल्या होत्या, मेणदोऱ्यानं, वीतवीतभरावर गाठ. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कार्डांसाठी नव्या जाड केबली लावल्या, बाकीच्या नव्या पिशवीत परत घातल्या, आणि जुन्या तशाच ठेवून त्यांची मागची टोकं नव्या सप्लायला जोडली. प्लग खट्कन बसले. अगदी त्यासाठीच घडवल्यासारखे.

बटण दाबलं. पंखे फिरले, दोन्ही कार्डांचे दिवे लागले. लॉइडनं दांडा हातात घेतला. आणि चुलीवर काही लागल्यासारखा बारीक वास आला.

प्लगचा आकार सारखा असला तरी आतल्या तारांचा क्रम ज्या-त्या बनवणाऱ्याचा वेगळा असतो. डिस्कला जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा गेले होते. व्हर्लिनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कुठंतरी वाचलं होतं, असं तो मला नंतर म्हणाला.

त्यानं बटण बंद केलं, केबल काढली, आणि मीटर लावून बघितलं. मग गुडघ्यांवर बसल्या बसल्याच म्हणाला, "लॉइड, डिस्क जळाली. माझ्या हातानं."

"गावाची दुसरी प्रत आहे ना?"

"त्याच पेटीत होती. त्याच केबलवर."

लॉइड आधी हसला. हसता हसता त्याचा श्वास अडकला आणि आर्डिसनं येऊन त्याची पाठ धरली. मिनियापोलिसला जळक्या डिस्का उघडून बघणारे लोक आहेत, तिकडे व्हर्लिन स्वतः गाडी चालवत घेऊन गेला. त्यांनी त्या ठेवून घेतल्या आणि मग कळवलं की काही हाती लागणार नाही.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी व्हर्लिननं नव्या डिस्कवर खेळ घातला, नव्या केबली लावल्या, आणि लॉइडला खुर्चीत बसवलं. तो धावपट्टीवरून उठला, वळला, जिथे गाव असायला हवं तिथे आला. खाली हिरवी सतरंजी. चित्र एकदाही अडखळलं नाही. सोरमच्या शेताच्या जागी त्यानं विमान खाली, अगदी खाली आणलं, आणि सवयीनं दांडा पुढे रेटून तारेखाली गेला. तिथे तार नव्हती. मग त्यानं दांड्यावरचा हात काढला आणि विमान हळूहळू जमिनीत जाऊ दिलं.

"झकास चालतंय, मेहुणे," तो म्हणाला. "आता मला झोपवा."

लॉइड इस्पितळातून आला तो शवपेटीतून. व्हर्लिननं पेटीला खांदा दिला. चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि कॉफी झाली, माणसं पांगली, आणि आम्ही तिघं आर्डिसच्या स्वयंपाकघरात येऊन बसलो. तिनं कपाटातून कप काढले, मांडले.

"पिशवीत नव्या केबली होत्या," ती व्हर्लिनला म्हणाली. "तू तपासल्यास त्याच. मग त्या का नाही लावल्यास?"

व्हर्लिन टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"जुन्या फार छान बसल्या होत्या गं."

आर्डिसनं किटली उचलली. माझा कप भरला, स्वतःचा भरला, आणि किटली परत शेगडीवर ठेवून दिली.