फर्स्ट क्लास, वहिनी!

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधली मंडळी आता पुण्यात, डोंबिवलीत, अलिबागेत पांगली आहेत. पण दोघे जरी भेटले तरी अर्चनाच्या बिअरचा विषय निघतोच. किस्से सांगावे लागत नाहीत. ते आत साठून फसफसत असतात, कुणीतरी झाकण तेवढं काढायचं!

*

अर्चना माझी बायको. मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. नव्वदीच्या दशकात माझ्यामागे दुबईला आली, तेव्हा तिच्या व्हिसावर शिक्का होता: हाउसवाइफ, नोकरीची परवानगी नाही. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "यात यीस्टबद्दल काही लिहिलेलं नाही!"

सुपरमार्केटमधलं बिनअल्कोहोलचं मॉल्ट ड्रिंक, साखर, पावाचं यीस्ट आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन. कायद्यात हे बसत नव्हतं, म्हणून प्रयोगशाळा बाथरूममध्ये!

अडचण एकच होती. घोटभर घेतली तरी तिच्या अंगावर पित्त उठायचं. त्यामुळे बिअर कशी झाली, हे तिला आमच्याकडूनच कळणार. तिला फक्त खरं उत्तर हवं असायचं.

*

आमच्याकडे सत्यनारायण होता. पूजा सांगायला तिसऱ्या मजल्यावरचे जोशी, एरवी बँकेत. साधुवाण्याच्या जावयाची नौका बुडाली आणि बाथरूममधून आवाज आला, "गुडुक... गुडुक..."

जोशी पोथीतून वर बघत म्हणाले, "पाइप तुंबलाय का हो?"

अर्चना हात जोडूनच म्हणाली, "नाही, अगदी नीट चाललंय. तुम्ही वाचा पुढे!"

*

खोर फक्कानच्या समुद्रावर पिकनिकला जाताना तिने सहा बाटल्या डिकीत ठेवल्या. मे महिना. शेजारचे म्हात्रे, साइट सुपरवायझर, गाडी चालवत होते. डोंगरात 'फट्' झालं.

"टायर खलास!" म्हणत म्हात्रे उतरले. चारही टायर ठणठणीत! तेवढ्यात मदतीला एक पोलिस थांबला, आणि डिकीतून दुसरा 'फट्'. पोलिसाने हवेत वास घेतला. "खुब्ज?" म्हणजे, पाव भाजलाय का?

"यीस्ट," अर्चना म्हणाली. खोटं कुठे होतं!

"यल्ला, गो," तो हसून म्हणाला.

म्हात्रेंनी चारही काचा खाली केल्या आणि गाडी दामटली. मागच्या सीटवरून अर्चना म्हणाली, "साखर जास्त झाली. पुढच्या वेळी निम्मी."

*

चवीचं म्हणाल तर म्हात्रे पहिल्या घोटाला डोळे मिटायचे. "फर्स्ट क्लास, वहिनी!" जोशी म्हणायचे, "एक्सपोर्ट क्वालिटी!"

एकदा सगळे गेल्यावर तिने कोपऱ्यातला मनीप्लांट उचलून कुंडी हुंगली. "यानेच प्यायली सगळ्यांच्या वाटची."

मी हसलो. ती हसली नाही.

"तू तरी सांग ना रे. कशी झालीय?"

"छान," मी म्हणालो.

हे उत्तर मला अजून बदलता आलेलं नाही.

*

शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, तिने एक कॅन लावला. झाकणावर पट्टी चिकटवली: शुक्रवारी उघडणे.

ती सोमवारी गेली.

शुक्रवारी सगळे आले, बसून राहिले. आमची नऊ वर्षांची अदिती बाथरूमच्या दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, इट्स फ्रायडे."

मी जोशींकडे पाहिलं. सुतकाचं ते काही बोलले नाहीत. मी तीन ग्लास भरून आणले.

म्हात्रेंनी घोट घेतला. डोळे मिटले नाहीत. बराच वेळ किचनच्या दाराकडे बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "आंबट झालीय हो."

 अदिती त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली.

"हाउ सावर, काका? आउट ऑफ टेन?"

म्हात्रेंनी आणखी एक घोट घेतला.