बेल्गोरोदचा भाऊ

अमेरिकेत नोव्हाय गावात घर घेतलं त्याच हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून दिला. आभार मानायला गेलो तर त्यांच्या बायकोने आम्हाला आत ओढलं आणि बिटाचं गरम सूप प्यायला लावलं. तेव्हापासून आम्ही त्यांना काका-काकूच म्हणायला लागलो.

काका युक्रेनमधल्या खारकीवचे, काकू रशियातल्या बेल्गोरोदच्या. तरुणपणी दोघं खारकीवच्या एकाच ट्रॅक्टर कारखान्यात इंजिनिअर होते. काकू शनिवारी बसने माहेरी जायच्या आणि रविवारी परतायच्या. मग सोव्हिएत युनियन फुटलं. माझ्यासाठी ते नागपूरच्या शाळेत पाठ केलेलं एक उत्तर होतं. काकू म्हणायच्या, "एका सकाळी उठले तर माझं माहेर परदेशात गेलेलं!" पुढे कारखाना रडतखडत चालू लागला, पगार थांबले आणि ते मुलीला घेऊन इकडे आले. काकूंचा धाकटा भाऊ बेल्गोरोदलाच राहिला. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा काका मागून डोकावून त्याच्या टकलाची थट्टा करायचे.

युद्ध सुरू झालं आणि खारकीवमध्ये काकांच्या बहिणीच्या इमारतीवर रॉकेट पडलं. बहीण गेली. मी भेटायला गेलो तेव्हा काकू रडत भावाशी फोनवर बोलत होत्या. काकांनी मधेच फोन हिसकावून बंद केला.

"तो म्हणतो, आमचे लोक घरांवर बॉम्ब टाकत नाहीत. तुम्हीच टाकले असतील," काका मला म्हणाले. "कॉलेजात असताना हा माझ्या बहिणीकडे राहायचा. तिच्या हातचं जेवायचा."

त्यानंतर त्या घरात भावाचा विषय निघाला नाही. काकू गराजमध्ये जाऊन, गाडीत बसून त्याला फोन करायच्या. भांडायच्या, फोन आपटायच्या आणि पुन्हा करायच्या.

गेल्या वर्षी भाऊ हार्ट अटॅकने गेला. काकूंनी घरीच त्याच्या नावाने जेवणाचं टेबल मांडलं. त्याचा फोटो, पुढे त्यांच्याकडे गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा व्होडकाचा ग्लास, ग्लासवर ब्रेडचा तुकडा. बोलावलं फक्त आम्हा नवराबायकोला. काका कोट घालून दारापाशी उभे होते.

"बस ना. माझा भाऊ होता तो," काकू म्हणाल्या.

"माझीही बहीण होती. तिच्यासाठी त्याने एक शब्द काढला?"

"टीव्हीवर ऐकायचा तेच बोलायचा. मूर्ख होता."

"नुसता मूर्ख असता तर बसलो असतो."

ते निघून गेले. माझ्या बायकोने काकूंचा हात धरला. आम्ही तिघंच जेवलो.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी येऊन काकूंना ओहायोतल्या डब्लिनला, आपल्या घरी घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी, म्हणाली. गाडीत काकूंनी भावाचा फोटो जेवणाच्या डब्यासारखा मांडीवर घट्ट धरला होता.

परवा काका कुंपणापाशी भेटले. काकू कधी येणार, असं मी विचारलं.

"येऊ दे की, घर तिचंच आहे," ते म्हणाले. "त्या फोटोतल्याला मात्र तिकडेच ठेवून यायचं."

त्या अटीवर काकू येणार नाहीत, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. आम्ही गवत कापण्याच्या मशीनबद्दल बोलत राहिलो.