नवसाच्या पोरीचे तळवे

आमच्या अंगणवाडीत दिवस सुरू व्हायचा तो पाय धुण्यानं. प्रार्थना-बिर्थना नंतर. दारात पाण्याची बादली, बादलीशेजारी भाभी, आणि पुढं पोरांची रांग. भाभी म्हणजे आमची मदतनीस, गावातल्याच मुसलमान घरातली. लहानथोर सगळे तिला भाभीच म्हणायचे. पोरं यायची फुफाट्यातून, अनवाणी, आणि तळवे असे की त्यात मेथी पेरली असती तर उगवली असती. भाभी एकेकाचा पाय धरून खसाखसा धुवायची आणि तोंडानं चालूच, "कुठं नांगर धरला हुता रं सकाळी सकाळी?"

माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरच्या मागच्या गल्लीतलं. गाड्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची लहानपणापासून सवय. शिरूर तालुक्यात या गावी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ही बोलतीय का भांडतीय?" राग तर नाकावरच. अंगणवाडीची बाई शांत, प्रेमळ वगैरे असावी असं सुपरवायझर बाई सांगायच्या. मी मान हलवायचे आणि बाहेर आल्यावर कुणावर तरी ओरडायचे.

रांजणगावच्या कंपन्या तेव्हा नुकत्या कुठं भरात आल्या होत्या. गावातल्या दहाएक सुना पॅकिंगच्या कामाला लागल्या. सकाळी फाट्यावर कंपनीची बस यायची, संध्याकाळी सोडायची. मागं तान्ही पोरं आज्यांकडं. तीन वर्षांखालची पोरं अंगणवाडीत बसत नाहीत, पण त्यांचा खाऊ आमच्याकडूनच जातो, त्यामुळे आज्या पोरांना कडेवर मारून यायच्या आणि सुकडी घेऊन ओट्यावर गप्पा ठोकत बसायच्या. त्यातलीच एक आत्या. गावातल्या सगळ्या सासवांना आम्ही सुना आत्याच म्हणतो, पण नुसतं आत्या म्हटलं की हीच. उंच, हाडापेरानं दणकट, कपाळावर आडवं कुंकू, आणि कडेवर नात.

ती नात दीड वर्षाची झाली तरी कडेवरच. आधी माझ्या काही ध्यानात आलं नाही. एक दिवस आत्या पाणी प्यायला म्हणून थांबली, पोरीचा पाय माझ्या हाताशी आला, आणि मी तळव्यावरून सहज बोट फिरवलं. लोण्यासारखा. ना भेग, ना डाग, ना धूळ. आमच्याकडं दीड वर्षाच्या पोराचा पाय असा असतो होय? भाभीला म्हटलं, "ही पोर चालत नाही?"

"चालंल कशी?" भाभी हळूच म्हणाली, "नवसाची हाय. भुईला पाय लावायचा न्हाई."

मग कळलं ते असं. आत्याच्या सुनेची आधीची दोन बाळं वर्षाच्या आत गेली होती. तिसऱ्या खेपेला आत्यानं गावच्या नाथाला नवस बोलला, की मुलगा दे, मुलगी दे, पण जगू दे. बाळाचं पहिलं पाऊल मी जत्रेच्या दिवशी तुझ्या पायरीवर टेकवीन, तोवर भुईला लागू देणार नाही. पोरगी झाली, आणि जगली. चैत्रातल्या जत्रेला ती आठ-नऊ महिन्यांची होती. सगळं वेळेवर जमलं असतं. पण जत्रेच्या तोंडावर भावकीत एक म्हातारी गेली, घराला सुतक आलं आणि देवळाची पायरी चढायची सोय उरली नाही. झालं! नवस गेला पुढच्या जत्रेवर, आणि पोरीचे पाय गेले वर्षभर हवेत.

मी कपाळावर हात मारला. "अहो आत्या, निदान गोधडीवर तरी उभी करा!"

"गोधडीखाली काय आभाळ हाय व्हय?" आत्या म्हणाली.

गोधडीवर ती पोरीला बसवायची, तेही मांडी घालून. उभी म्हणून करायची नाही. पोर ढुंगणावर सरकत सरकत गोधडीच्या काठापर्यंत यायची आणि तिथं थांबायची, पुढं नदी असल्यासारखी. इतर पोरं अंगणात धावत असायची तिकडं बघत बसायची. रडायची नाही. ते मला जास्त लागायचं.

गाव काय गप्प बसतं? "पोर पांगळी हाय, नवसाचं नुसतं निमित्त," असं ओट्यावर चालू झालं. दुसरी म्हणाली, सुनेच्याच कुशीत खोट आहे, दोन गेली आणि तिसरी अशी. मी आत्याच्या मागं लागून पोरीला शिरूरच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी पाय वाकवून बघितले, ताणून बघितले, म्हणाले, "पायात काही दोष नाही. पण उभं करा हिला. पायावर भार पडल्याशिवाय ताकद कुठून येणार? आणखी उशीर केलात तर अवघड होईल." आत्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पोरीला कडेवर घेऊन बाहेर पडली. पालथ्या घड्यावर पाणी!

गावात परत आल्यावर माझा तोल सुटला. ओट्यावरच, सगळ्यांसमोर. "देव काय पोरींच्या तळव्याची धूळ बघत बसलाय का? पोर लुळी पडली तर नाथ येणार आहे उचलायला?" आत्यानं सुकडीची पिशवी होती तिथंच ठेवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भाभी म्हणाली, "बाई, म्हातारीपुढं देवाचंबी काई चालत न्हाई, तुमचं काय चालतंय?"

मग फाट्यावर आत्याची सून भेटली, बसमधून उतरलेली, डब्याची पिशवी छातीशी धरून. मला वाटलं ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "बाई, माझं लेकरू चालावं म्हणून माझा जीव तुटतोय. पण आत्यास्नी काई बोलू नगा. पहिली दोन त्यांच्या मांडीवर गेली. मी बेसुध पडले हुते, त्यांनीच न्हाऊ घालून मातीला दिलं त्यास्नी." एवढं बोलून ती घराकडं चालू लागली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि हिचं तर दोनदा पोळलं होतं. माझा राग कुठल्या कुठं गेला, पण काळजी होती तशीच राहिली. पोर तर बसूनच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच आत्याच्या घरी गेले. आत्या न्हाणीत दगडावर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर नातीला घेऊन अंघोळ घालत होती, आपल्याकडं तान्ह्यांना घालतात तशी. पोर आता त्या पायांवर मावत नव्हती. पाणी डोक्यावर पडलं की ती आत्याच्या नडगीला तळवे लावून रेटा द्यायची आणि कंबर उचलायची. पुन्हा पाणी, पुन्हा रेटा. मी बघतच राहिले. म्हटलं, अगं बाई, हिला तर उभं राहायचंय!

"आत्या," मी म्हटलं, "तिला तुमच्या पायांवर उभी करा."

"माझ्या पायाखालीबी भुईच हाय की."

"मग कडेवर घेता तवा तुमच्या पायाखाली काय आभाळ असतं व्हय?"

आत्या तांब्या हातात धरून थांबली. मग तिच्या तोंडावर हसू आलं, नको नको म्हणत आलेलं. तरी म्हणाली, "देवाला फशीवल्यावानी व्हईल."

"फसवणूक कसली? तुमचं अंग ते तिचंच अंग. नाथाला मधे जमीन दिसली तर मला सांगा."

लगेच हो म्हणाली असती तर ती आत्या कसली. पण दोन दिवसांनी अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसली, लुगडं सावरून पाय लांब केले, आणि पोरीला काखेत धरून नडग्यांवर उभी केली. पोर लटलट कापली आणि बसली. पुन्हा उभी केली. आठवड्याभरात ती आत्याचे खांदे धरून उभी राहायला लागली. मग आत्या स्वतः उभी राहिली, पोरीचे दोन्ही पाय आपल्या पावलांवर घेतले, हात धरले, आणि चालली. म्हातारीच्या भेगाळ पावलांवर ती लोण्याची पावलं, बोटं घट्ट रोवलेली. ओट्याच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत. पोर हसत होती, मोठ्यानं! तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्या वर्गातल्या पोरांना तर खूळच लागलं. प्रत्येकाला कुणाच्या तरी पायावर चढायचं. भाभीच्या पायांवर एका वेळी दोघं चढलेले आणि ती ओरडतेय, "मुडद्यांनो, मला काय पाय भाड्यानं दिल्यात व्हय?"

चैत्र जवळ आला तशी मला नवी धास्ती. त्यांच्या भावकीतले थोरले आबा अंथरुणाला खिळले होते. पिकलं पान. ते जत्रेआधी गळालं की पुन्हा सुतक, पुन्हा वर्ष. मी आयुष्यात कुणा म्हाताऱ्याच्या तब्येतीची एवढी चौकशी केली नसेल. रोज जाता-येता, "आबा, बरं हाय ना? जेवला का?" करून विचारायचे. एकदा पातळ शिरा करून नेला. आबांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "पोरी, जत्रा व्हईस्तवर कळ काढतो. पुढचं माझ्या हाती न्हाई."

नाही काढता आली त्यांना. जत्रा चार-पाच दिवसांवर आली होती. सकाळची वेळ, भाभी अंगणात बसून खिचडीची ताटं मांडत होती, आत्या पोरीला पावलांवर घेऊन ओट्याखाली उभी होती. भावकीतला एक जण सायकलवरून आला आणि म्हणाला, "आबा गेलं."

आत्या जागीच उभी राहिली. मीही. पुन्हा वर्ष! मेलेल्या माणसावर ओरडावंसं वाटलं मला. आत्याची पकड सुटली असावी, कारण पोरीनं हात सोडवून घेतले, खिचडीच्या ताटाकडं बघितलं, आणि आजीच्या पायावरून खाली उतरली. भुईवर. फुफाट्यात. एक पाऊल, थांबली, दुसरं, मग झोकांडी खात पाच-सहा पावलं टाकून भाभीच्या मांडीवर जाऊन आदळली.

भाभीनं तिला धरलं आणि घाबरून माझ्याकडं बघितलं. मी आत्याकडं. म्हातारीचा चेहरा पांढराफटक. सावकाश चालत आली, पोरीसमोर बसली, तिचा एक पाय हातात घेऊन तळवा वर केला. काळा झाला होता. बोटांच्या सांदीत माती. आत्यानं देवळाच्या दिशेला तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाथा, म्या न्हाई ठिवली. तिची ती उतरली. काय रागवायचं आसंल ते माझ्यावर रागव. हिच्याकडं बघू नगंस." मग त्या मातीच्या पायावर डोकं टेकून रडली. मीही रडले, कशाला खोटं बोलू?

तिला आबांच्या घरी जावं लागणार होतं. मयताच्या घरात लहान पोर नेत नाहीत, म्हणून पोरीला संध्याकाळपर्यंत माझ्याकडं ठेवायचं ठरलं. भाभीनं सवयीनं बादली ओढली आणि पोरीचा पाय धरला. आत्या दारातून मागं वळली.

"धुऊ नगा," म्हणाली. "तिची आय येईस्तवर आसंच राहू द्या."

दिवसभर पोर अंगणात पडत-उठत होती. गुडघे फुटले, तरी खाली बसेना. संध्याकाळी मी तिला घेऊन फाट्यावर गेले. बस थांबली, सून उतरली, आणि नेहमीसारखे हात पुढं केले, कडेवर घ्यायला. मी पोर तिच्या हातात दिली नाही. खाली ठेवली.

सुनेच्या हातातली पिशवी पडली. आधी पोरीकडं नाही, इकडं-तिकडं बघायला लागली, चोरी पकडल्यासारखी. "बाई, आत्या कुठंयत? आत्यास्नी म्हाईत हाय?"

"आत्यांनीच सांगितलंय," मी म्हटलं, "पाय धुऊ नका म्हणून. तुला बघता यावेत म्हणून."

ती रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. पोर तिच्याकडं चालत गेली. सुनेनं तिला मांडीवर घेतलं, दोन्ही तळवे हातात धरले, आणि बस निघून गेली तरी ती बघतच बसली होती.