खंडेनवमीचं निरांजन

आमच्या ह्यांची फटफटी म्हणजे माझी सवतच की! हे गुरांचे डॉक्टर. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची जुनी फटफटी ह्यांनी घेतली आणि तिच्यावरून खेडोपाडी हिंडायचे. परत येईपर्यंत इंजिनावर धूळ आणि तेलाचा हा एवढा काळा थर! मला कधी "दमलीस का" म्हणून विचारलं नाही, पण तिला पुसल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत.

एरवी ते काम मागच्या मोकळ्या जागेत, रॉकेलनं चालायचं. पण खंडेनवमीला घरातल्या हत्याराअवजारांची पूजा, म्हणून फटफटीही पूजेला. ती लखलखीत दिसायला हवी म्हणून त्या सकाळी ह्यांनी पेट्रोल काढलं. मागं चिखल झालेला, म्हणून बसले ते भवानी पेठेतल्या आमच्या चिंचोळ्या अंगणात. चारी बाजूंना भिंती, वारा म्हणून नाही.

माणूस तसा सावध. इंजिन गार झालंय का, हात लावून बघितलं. मला चूल विझवायला लावली. शेजारच्यांना विडी ओढू नका म्हणून बजावून आले. मग घमेल्यात पेट्रोल ओतून इंजिनाचे कंगोरे ब्रशनं घासायला लागले. वासानं माझं डोकं भणभणलं. "अहो, उरका की," मी सारखी म्हणत होते. "झालंच," म्हणायचे आणि पुन्हा घासायचे. धोतर भिजलेलं, हात कोपरापर्यंत ओले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. हातात पूजेचं ताट. त्यात हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि घटापुढच्या दिव्यावरून लावून घेतलेलं निरांजन. अगं बाई! चूल विझवली, विड्या थांबवल्या, आणि देवघराची आठवण कुणालाच झाली नव्हती.

ओरडावं तर सासूबाई दचकणार, ताट हातातून सुटणार. ह्यांची पाठ आमच्याकडं. सासूबाई दारापर्यंत आल्या. मी धावले, त्यांना आतच अडवलं, ताटातली मूठभर फुलं उचलली आणि ज्योतीवर दाबली.

नवरात्रातला दिवा, आणि तो नव्या सुनेनं विझवला! सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय केलंस गं हे? माझ्या लेकाच्या पूजेचा दिवा हाय त्यो!"

उद्या ह्यांच्या केसालाही धक्का लागला तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. आणि खरं सांगते, मला स्वतःलाही अपशकुनाची भीती वाटली. हात भाजला होता, पण मी त्या भीतीनंच रडत होते.

आवाज ऐकून हे वळले. निरांजनाकडं बघितलं, मग आपल्या ओल्या धोतराकडं, आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

"आई," ते म्हणाले, "ते घेऊन हितवर आली असतीस तर मी पेटलो असतो गं."

सासूबाई घमेल्याकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हिकडं ये." आता मार बसतोय की काय, म्हणून मी मान खाली घालून पुढं झाले. त्यांनी करपलेली फुलं बाजूला सारली, ते विझलेलं निरांजन तसंच ताटात ठेवलं आणि लेकाच्या आधी मला ओवाळलं.