गिटारवाल्या काकांच्या दुकानाची किल्ली

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. टॉवर चौकातून गल्लीत वळलं की डाव्या हाताला मोबाईलच्या कव्हरांचं एक दुकान लागतं. पूर्वी तिथे गिटारवाले काका बसायचे. मी आता सेवानिवृत्त आहे, भाजी आणायला त्याच गल्लीने जातो, आणि त्या शटरकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघतोच.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. काकांचं घराणं आमच्यासारखंच शिंदे सरकारच्या चाकरीत पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. बाकीचे वकिलीत, बँकेत गेले. हे एकटे लाकडात रमले. ते गिटारी बनवायचे, त्याही आर्चटॉप. म्हणजे जाड फळी कोरून कोरून तिला कमान द्यायची, व्हायोलिनला असतात तशी दोन लांब छिद्रं पाडायची, आणि हे सगळं हातानं. जुन्या गिटारी दुरुस्त करण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बंगळूर, कलकत्त्याहून लोक त्यांच्याकडे गिटार घेऊन यायचे आणि पत्ता विचारत आधी आमच्या ठाण्यात शिरायचे.

मी तेव्हा त्या ठाण्याचा टीआय, म्हणजे प्रमुख होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी काका फिर्याद घेऊन आले. इंदूरच्या एका शिक्षिकेने तिच्या वडिलांची जुनी आर्चटॉप त्यांच्याकडे दुरुस्तीला दिली होती. वडील नुकतेच गेले होते, त्यांची तेवढीच निशाणी. ती गिटार दुकानातून चोरीला गेली होती.

मी जाऊन बघितलं. कुलूप शाबूत, शटरला ओरखडा नाही, बाकीच्या गिटारी जागच्या जागी. अशा वेळी कुठलाही पोलीसवाला जो प्रश्न विचारील तोच मी विचारला. किल्ली कुणाकडे असते? काका म्हणाले, एक माझ्याकडे, एक पॉलिशवाल्याकडे. त्याच्याकडे कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, वर्षभर झालं, दुकान तोच उघडतो आणि तोच बंद करतो.

पॉलिशवाला भैरवगढचा. घरात सगळे कापडावरच्या छपाईच्या कामातले, हा तेवढा तरुणपणी काकांकडे आला आणि त्यांना उस्ताद म्हणत गिटारींना लाखेचं पॉलिश करता करता म्हातारा व्हायला आला. आमचा शिपाई त्याला भर दुपारी मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. गल्लीतले सगळे दारात उभे होते म्हणे. आठवडाभर तो रोज सकाळी ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी घरी जायचा. अटक केली नव्हती, पण भैरवगढच्या लोकांना हा फरक कोण समजावणार? व्यापारी त्याच्या घरचा छापलेला माल घ्यायला का-कू करायला लागले. तो मात्र ठाण्यात येईल त्याला तावातावाने सांगायचा की मी हात लावला नाही, माझ्या घराची झडती घ्या. झडतीही घेतली. काही सापडलं नाही. आमच्या हेडसाहेबांचं, म्हणजे हेड कॉन्स्टेबलचं, म्हणणं एकच होतं, की किल्ली याच्याकडे तर चोर हाच.

मग खबर आली, आणि तीही विचित्र. रामघाटावरचे एक पंडित घाबरे होऊन ठाण्यात आले. त्यांच्या ओवरीमागच्या खोलीत लोक विश्वासाने सामान ठेवतात, कधी अस्थींचं गाठोडंही असतं. तिथे कुणीतरी चादरीत गुंडाळलेली मोठी पेटी ठेवली होती, आणि तो माणूस रोज येऊन पेटीशेजारच्या वाटीतलं फडकं ओलं करून जायचा. पंडितांना वाटलं, ही करणी आहे. आमचं गाव महाकालाचं, काळभैरवाचं. इथे वाटी, फडकं, लिंबू काहीही दिसलं तरी लोक दोन हात लांबून जातात. मला हसू आलं. माणसाचं नाव काही ते सांगेनात. जबान दिली आहे, म्हणाले, हवं तर मलाच कोंडा.

पंचांसमक्ष पेटी उघडली. गिटारच होती. तारा सगळ्या सैल करून ठेवलेल्या, मानेखाली मऊ कापडाची घडी. ज्याने कुणी लपवली त्याने तान्ह्या पोराला निजवावं तशी निजवली होती. पाठीची फळी काढलेली होती, आणि उलटी करून बघितली तर पुढच्या फळीला आरपार चीर. मी मुद्देमाल सीलबंद करून ठाण्यात आणला आणि सगळ्यांना ताकीद दिली की जागा कुणालाही सांगायची नाही.

त्या दुपारी पॉलिशवाल्याला समोर बसवलं. गिटार मिळाली आहे, एवढं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. मग मी तारा सैल होत्या हे सांगितलं, वाटीतल्या ओल्या फडक्याचं सांगितलं. इतके दिवस तावातावाने बोलणारा माणूस एकदम उठून उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "लिख लो साहब, मैंने ही ली थी."

मी विचारलं, कुठे ठेवली होतीस?

"जहाँ से आपको मिली."

कुठून मिळाली ते मी परत परत विचारलं. त्याला सांगता येईना. हेडसाहेब खूश होऊन कागद घ्यायला उठले, त्यांना मी बसवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसं मार चुकवायला, पैशासाठी, कधी बायकोला वाचवायला गुन्हा कबूल करताना पाहिली होती. हा नक्की कुणाला तरी वाचवत होता. त्याच्या तोंडून दिवसभर ज्यांचं नाव निघायचं असे एकच उस्ताद होते.

काकांना ओळख पटवायला बोलावलं. सांगितलं की गिटार मिळाली, तुमच्या पॉलिशवाल्याने कबुली दिली. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मग मी फिर्याद मागे घेतो. त्याला सोडून द्या, गरीब माणूस आहे." मला संताप आला. सील तोडून गिटार टेबलावर ठेवली. काकांनी फळीवर तळहात फिरवला आणि कळवळून म्हणाले, "अहो साहेब, केवढी कोरडी पडली ही! वाटी तिथेच ठेवून आलात का?"

वाटीबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले. उजवा हात थरथरत होता, आणि तो त्यांनी डाव्याने दाबून धरला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गिटारीच्या आतली पट्टी सुटली होती. पाठ काढून ते आतून काम करत होते, हात थरथरला आणि पटाशी फळीतून आरपार गेली. चोरी झाली तर लोक हळहळतात, म्हणाले. हात गेला म्हटल्यावर गिटार कोण देणार? उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून दुकानाच्या कपाटात ओल्या फडक्याची वाटी ठेवायची त्यांची जुनी सवय. लपवलेल्या गिटारीपाशीही ती ठेवल्यावाचून त्यांना राहवलं नाही.

मी विचारलं, "आणि तो आठवडाभर इथे बसला होता, त्याचं काय?"

"मी त्याचं नाव घेतलं नव्हतं हो. तुम्ही किल्ली कुणाकडे एवढंच विचारलंत."

मी कागद पुढे ओढला आणि त्यांचा जबाब लिहून घेतला.

गुन्ह्यात खात्मा लागला, म्हणजे तपास बंद झाला. खोट्या फिर्यादीबद्दल काकांवर कारवाई करावी लागली. न्यायालयाने वय बघून समज देऊन सोडलं. पॉलिशवाला निर्दोष आहे हे चार लोकांत सांगावं म्हणून मी स्वतः वर्दी घालून भैरवगढला गेलो. गल्लीत उभं राहून मोठ्याने सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. नंतर कळलं, त्यांच्यात चर्चा हीच की आता तर खुद्द टीआय येऊन गेला, म्हणजे काहीतरी असणारच.

शिक्षिकाबाईंनी मात्र आरडाओरडा केला नाही. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं, एवढंच त्या काकांना म्हणाल्या, आणि गिटार इथेच नीट करा म्हणाल्या. काकांनी माझ्यामार्फत पॉलिशवाल्याला निरोप पाठवला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. त्या दिवशी माझं तिथे काम नव्हतं, तरी मी जाऊन बसलो. काकांनी चिरेत सरस भरला, आतून लाकडाची चकती लावली, आणि तेवढा वेळ त्यांचं मनगट पॉलिशवाल्याने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. कसं आणि कुठे धरायचं हे त्याला सांगावं लागलं नाही. पुढे त्याने पॉलिशही केलं, दिवसामागून दिवस येऊन, थरावर थर चढवत. चीर कुठे होती ते मला शोधून सापडलं नाही.

काम संपलं त्या संध्याकाळी त्याने हात पुसले आणि खिशातून किल्ली काढून बाकावर ठेवली.

"उस्ताद, ये अब आप रखो. फिर कभी कोई पूछे कि चाबी किसके पास है, तो मेरा नाम न आए."

तो चपला घालून निघून गेला आणि परत कधी आला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. फिर्यादीत माणूस खोटं काय बोलतो ते मी आयुष्यभर शोधत आलो होतो. काकांनी किल्लीबद्दल अक्षरन् अक्षर खरं सांगितलं, आणि त्या खऱ्या उत्तरानेच त्यांचा सगळ्यात जवळचा माणूस बुडवला. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी उत्तर लिहून घेतलं की पेन खाली ठेवायचो आणि विचारायचो, अजून काही सांगायचं राहिलंय का? बहुतेक वेळा राहिलेलं असायचं.

तो किल्ली ठेवून गेला त्या संध्याकाळी काका आणि मी, दोघंच उरलो होतो. काकांनी दिवा मालवला, शटर मी खाली ओढलं. ते किल्ली घेऊन वाकले. किल्ली कुलपाच्या भोवती नुसती वाजत राहिली, भोकात जाईना. तेव्हा कुठे मला कळलं की वर्षभर तोच दुकान का बंद करत होता, आणि हे त्याने ठाण्यात मला एकदाही का सांगितलं नाही.

मी त्यांच्या हातून किल्ली घेतली आणि कुलूप लावून दिलं.