प्रेषकाच्या जागी सासरे

आमच्या घरातल्या प्रत्येक कागदावर सासऱ्यांचं नाव आणि त्यांचाच मोबाईल नंबर असतो. गॅस, वीज, रेशन, मुलांची शाळा, एवढंच काय, माझ्या बाळंतपणाच्या केसपेपरवरही. त्यामुळे मसाल्याच्या पार्सलांसाठी श्रीरामपूरच्या पोस्टात खातं काढायला गेले, तेव्हा नाव-नंबर विचारताच न अडखळता त्यांचंच सांगून मोकळी झाले. सवय म्हणतात ती ही.

खरं तर हा धंदा मी हट्टानं सुरू केला होता. पुड्यावर प्रेषक म्हणून माझं नाव छापून यावं, एवढाच हट्ट. मिरच्या भाजणारी मी, मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावून बसणारी मी. सासरे मिरच्या भाजायच्या दिवशी शिंकत शिंकत मळ्यात जाऊन बसतात.

ऑर्डरी वाढल्या आणि हातानं पत्ते लिहिणं जड जायला लागलं. म्हणून शिपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याला पोस्टाचं खातं जोडलं की पत्त्याची चिठ्ठी आपोआप छापून येते. व्हिडिओ बघत मी खाते क्रमांक टाकला, पिन कोड टाकला, आणि ओटीपी गेला घोडेगावच्या बाजारात. सासरे तिथं म्हशीच्या सौद्यात होते. मी फोन लावला.

"मामा, मेसेज आला असेल बघा. आकडे सांगा."

"बँकेतल्या मॅडमनी सांगितलंय, ओटीपी कुनालाच सांगायचा न्हाई."

"अहो, मी बोलतेय. तुमची सून."

"चोर बी असंच म्हनत्यात. आजकाल आवाज बी काढत्यात."

टीव्हीनं आणि बँकेनं इतकी वर्षं घसा फोडला, त्याचं चीज नेमकं माझ्याच वाट्याला आलं.

संध्याकाळी ते घरी आल्यावर नवा ओटीपी मागवला. फोन माझ्यापासून लांब धरून त्यांनी एका बोटानं आकडे स्वतः दाबले. खातं जोडलं गेलं आणि प्रिंटरमधून पहिली चिठ्ठी बाहेर आली. प्रेषक म्हणून सासऱ्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. "झ्याक हाय," म्हणाले.

मग पार्सल कुठं पोचलं याचे मेसेज त्यांना यायला लागले. "आपला मसाला आज नागपुरात हाय," असं ते चहाच्या टपरीवर सांगायचे. चिठ्ठीवरचा नंबर बघून गिऱ्हाइकं त्यांनाच फोन करून मसाल्याची तारीफ करायची, आणि तेही ती निवांत ऐकून घ्यायचे.

एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, खात्यावर माझं नाव घालूया."

"मंग मला मेसेज येनार न्हाईत?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे की. नाव काय, घरचंच हाय."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. तरीही मला राग आला, आणि तो सकाळपर्यंत उतरला नाही. एसटी धरून मी श्रीरामपूर गाठलं आणि नवं खातं मागितलं. स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. पोस्टातल्या बाईंनी मोबाईल नंबर विचारला, तर तोंडातून सासऱ्यांच्या नंबराचे पहिले आकडे निघूनही गेले. मी थांबले, आठवून पाहिलं. माझा नंबर मला पाठच नव्हता. इतक्या वर्षांत तो मला कोणी विचारलाच नव्हता. शेवटी पिशवीतून फोन काढून बाईंच्या पुढे धरला आणि म्हटलं, "यात माझा नंबर कुठं दिसतो, जरा दाखवता का?"